एका ताण्याला एकदाच गूळ

कंग्राळीत आमच्या घरी मला मिरची म्हणतात. मी नर्स आहे त्या बेळगावच्या हॉस्पिटलात तोंडावर कुणी म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात हे मला माहीत आहे. जयाक्कावर मी एकदा जे ओरडले ते तिथल्या कुणी ऐकलं असतं, तर तोंडावरही म्हणाले असते. तीच गोष्ट सांगायची आहे, म्हणून माझा स्वभाव आधीच सांगून टाकला.

जयाक्का म्हणजे जयाबाई, वडगावची विणकरीण. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. वडगाव-शहापुरात आता गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट चालतो. हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यातला एक तिचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा आणि पायांनी खालच्या फळ्या आळीपाळीनं दाबायच्या. लोकांना वाटतं विणकर हातानं विणतो. "हात चुकला तर धागा तुटतोय," जयाक्का म्हणायची, "पाय चुकला तर साडीच चुकती."

पहिल्यांदा ती आली ती डोकं दुखतंय म्हणून. मी रक्तदाब मोजला. एकशे शहाण्णव, खाली एकशे दहा. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या मशीनवर मोजला, तर तेच. मग तिनं साडीच्या काठांचे तुकडे जोडून शिवलेली पिशवी टेबलावर उपडी केली. दाबाच्या चार तऱ्हेच्या गोळ्या, पाचवी साखरेची.

"आक्का, गोळ्या नुसत्या पिशवीत ठेवून दाब उतरत न्हाई," मी म्हणाले. आमच्याकडे येणारे निम्मे तसलेच असतात, गोळ्या देवघरात ठेवणारे.

 पिशवीच्या आतल्या कप्प्यातून तिनं रिकामी पाकिटं काढली, रबरानं बांधलेली, महिन्यांच्या क्रमानं लावलेली. एकही गोळी चुकलेली नव्हती. माझी चांगलीच जिरली.

चार गोळ्यांनाही न जुमानणारा असा दाब आमच्या डॉक्टर सिद्धेशना हवाच होता. सिद्धेश चिकोडीचे, पस्तिशीचे, हृदयाचे डॉक्टर. माणूस सरळ, पण डोळे सदा कुठल्या तरी संशोधनात अडकलेले. त्यांचा तीस रुग्णांचा एक अभ्यास चालू होता आणि त्या अभ्यासाची नर्स मी. रुग्णांना समजावणं, तपासण्या करून घेणं, फॉर्म भरणं हे माझं काम. फॉर्म कन्नडमध्ये होता, इंग्रजीत होता आणि मराठीतही होता. मराठी असं, की वाचताना मलाच घाम फुटायचा. म्हणून मी तो बाजूला ठेवून आपल्या भाषेत सांगायची.

"हे बघा आक्का. किडनीला रक्त न्हेणारी एक नळी असती. त्या नळीभोवती केसाहून बारीक तंतूंचं जाळं हाय. तुमचे तंतू लई आखडलेत. सारखी बोंब मारत्यात, दाब वाढवा, दाब वाढवा. मांडीतनं एक बारीक तार आत न्यायची आणि आतनं चटका देऊन तेंना गप करायचं. कापाकापी न्हाय. एक दिवस ऱ्हायचं, दुसऱ्या दिवशी घरी."

"तंतू जाळायचे?"

"व्हय."

"तुटलेला धागा सांधता येतोय गं. जळलेला न्हाय सांधत."

"सांधायचाच न्हाय आक्का. गप करायचाय."

तिनं मान डोलावली. पटलं होतं, पण उत्साह काही दिसला नाही. दाबाचं तिला फारसं पडलेलंच नव्हतं. डोकं दुखायचं थांबलं की झालं, एवढंच.

मग मी पुढचं सांगितलं. ज्या तंतूंमुळे दाब चढतो त्यांच्यामुळेच शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, अशी काही डॉक्टरांची समजूत आहे. म्हणून ते तंतू शांत केले तर साखरेलाही फरक पडेल की काय, हेही आमच्या अभ्यासात बघायचं होतं. सिद्धेशनी मला बजावून ठेवलं होतं, "मंगल, नीट सांग. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत काहीच नाही. आशा लावू नकोस." मी नीटच सांगितलं. "साखरंलाबी गुण येतोय का न्हाई, हे अजून ठाऊक न्हाई, तेच बघायचंय," असं म्हणाले. पण वाक्याच्या सुरुवातीलाच जयाक्का खुर्चीत पुढं सरकली होती.

"साखरंलाबी?" ती म्हणाली, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं पेन उचललं.

एवढी घाई का, ते नंतर कळलं. मी विचारलं नव्हतं, तिची सून राणी बोलली. जयाक्काचा नवरा भरमा हा गल्लीतला नावाजलेला विणकर. त्याला साखर होती. आठ वर्षांपूर्वी अंगठा काळा पडला. अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग गुडघ्यापर्यंत पाय. एका पायानं हातमाग चालत नाही. तोवर जयाक्का त्याला धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची, तेवढंच तिचं काम. पन्नाशी उलटल्यावर ती त्याच्या जागी खड्ड्यात उतरली आणि तो कट्ट्यावर बसून सांगायचा, डावा दाब, आता उजवा, हलक्या हातानं. दोन वर्षं त्यानं असं शिकवलं आणि मग गेला. मुलगा ओमकार उद्यमबागेत कारखान्यात जातो, त्याला मागात रस नाही. भरमाच्या जागेवर भरमानं शिकवलेले पाय चालवणारी ती एकटी. तिला मरणाची भीती नव्हती. पाय जाण्याची होती.

अभ्यासात घेण्याआधी पायांची तपासणी असते. नायलॉनचा एक ताठ धागा तळव्यावर दहा ठिकाणी टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का? साखरेनं पायातली जाण जाते, ती किती गेली ते त्यावरून समजतं. मी खाली बसून तिचा पाय हातात घेतला, तोच तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

"सुखी ऱ्हा."

"आक्का, तपासणी चाललीय, नमस्कार न्हाय."

"पायाला हात लावलास न्हवं? मग."

हा तिचा नेम. पुढं जितक्या वेळा मी तिचा पाय धरला तितक्या वेळा आशीर्वाद मिळाला. माझ्या सासूनं दहा वर्षांत दिले नसतील तेवढे तिनं दिले. त्या दिवशी ती वाकून माझ्या हातातला धागा निरखत होती. "नायलॉन हाय. साडीला न्हाय चालत ह्यो," म्हणाली. दहाही ठिकाणी तिनं "लागलं" म्हटलं. मी लिहिलं, दहापैकी दहा.

साखरेची पहिली तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आदल्या रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. ती राणीबरोबर आली, नऊवारी स्वच्छ, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा गेल्यावरही ती कुंकू लावायची आणि ज्याला त्यावर बोलायचं असेल त्यानं आधी तिच्या मागावर बसून दाखवावं, असं तिचं म्हणणं होतं.

"काय खाल्लंय का आक्का?"

"न्हाय गं."

"च्या?"

"च्याबी न्हाय."

मी फॉर्मवर खूण केली आणि रक्त घेतलं. साखर एकशे चौऱ्याऐंशी. इन्सुलिनही भरपूर, म्हणजे अंगात इन्सुलिन आहे पण शरीर त्याचं ऐकत नाही. सिद्धेशनी आकडे बघून मान डोलावली. आठवड्याभरानं तार आत गेली, दोन्हीकडचे चटके दिले गेले. तिला गुंगीचं औषध दिलं होतं, तरी चटक्याच्या वेळी कंबरेत कळ यायची तेव्हा ती माझा हात घट्ट धरायची. दुसऱ्या दिवशी चालत घरी गेली.

सहा महिन्यांनी सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. दाब एकशे बावन्नवर आला होता. चार गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते झालं, डॉक्टरांनी त्यातली एक गोळी कमीही केली. पण खरी मजा साखरेची. उपाशीपोटी एकशे बत्तीस. इन्सुलिन निम्म्यावर. कागदावर बघितलं तर जयाक्काचं शरीर इन्सुलिनचं ऐकायला लागलं होतं. बाकीच्या रुग्णांत दाब कमी-जास्त उतरला होता, साखर मात्र जागची हलली नव्हती. हलली ती फक्त हिची.

सिद्धेश तो कागद घेऊन दोनदा माझ्या टेबलापर्यंत आले आणि परत गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "काहीतरी आहे मंगल. एखाद्यात तरी होतंय." तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी तेवढी तशीच होती, सात पूर्णांक नऊची सात पूर्णांक आठ. मी बोट ठेवून दाखवलं. "ती सावकाश हलते," ते म्हणाले. सहा महिन्यांत तिनं हलायला हवं होतं, हे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. पण आनंदात असलेल्या माणसाला कोण अडवणार? आणि खोटं कशाला बोलू, मीही आनंदात होते.

"गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या," डॉक्टरांनी तिला बजावलं. तिनं मान डोलावली. खोलीबाहेर आल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि नुसती हसली. पुढच्या खेपेला कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आली आणि मी एक चमचा खाईपर्यंत तिनं तीन खाल्ले. मी रागावले, तर म्हणाली, "सात वर्षानी खातीय गं आक्का तुझी. खाऊ दे की."

त्यानंतर महिन्याभरानं तिचा फोन आला. नवा ताणा चढवायचा होता. "तू कवा बघितलं न्हाईस. ये सकाळी. हास्पिटलात जाता जाता ये." त्या दिवशी आम्हा सगळ्या नर्सांची वार्षिक रक्ततपासणी होती, उपाशीपोटी, म्हणून मी घरून तशीच निघाले होते. सव्वासातला तिच्या दारात पोचले.

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, आणि नवा ताणा चढवणं म्हणजे जुन्याच्या टोकांना नव्याची टोकं जोडणं. हजारो धागे, एकेक घ्यायचा, बोटांना राख लावायची, पीळ द्यायचा, पुढचा घ्यायचा. जयाक्का आणि राणी समोरासमोर बसल्या होत्या आणि त्यांची बोटं अशी चालत होती की माझी नजर ठरेना. शेवटचा धागा सांधला, मागाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. राणीनं ताटलीत गूळ-खोबरं आणलं. जयाक्कानं आधी भरमाच्या फोटोपुढं ठेवलं, मग स्वतःच्या तोंडात टाकलं, मग आवळ्याएवढा खडा माझ्या तोंडाशी आणला.

"आज नको आक्का. माझं रक्त द्यायचंय. उपाशीपोटी."

"खा म्हणतंय कोण? तोंड गोड कर नुसतं."

"तेच की. चालत न्हाय."

"कशानं चालत न्हाय? नव्या कामाला हात घालताना गूळ तोंडात टाकायचा, हे खाणं न्हवं. मी न्हाय का, तुमच्या त्या पैल्या तपासणीला देवापुढं तोंड गोड करूनच आलते. झालं का काय? उलट गुणच आला."

मी तिच्याकडे बघत राहिले. 

"केवढा?" मी विचारलं.

"काय केवढा?"

"गूळ. त्या दिवशी केवढा घातलेला तोंडात?"

तिनं हातातला खडा पुढं केला. "असाच की."

"आणि दुसऱ्या तपासणीला? सहा महिन्यांनी?"

ती हसली. माझ्या अडाणीपणाला हसली. "काम त्येच न्हवं का? ताणा त्योच. एका ताण्याला एकदाच गूळ असतोय."

झालं. पहिल्या तपासणीत गूळ होता म्हणून साखर चढलेली, इन्सुलिनही चढलेलं. दुसऱ्या तपासणीत गूळ नव्हता म्हणून उतरलेलं. तंतू जाळून जे झालं असं आम्हाला वाटलं, ते गुळानं केलं होतं. तिची साखर होती तिथंच होती. पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळला.

"गोळी घेताय न्हवं साखरंची?"

जयाक्कानं राणीकडे बघितलं. राणी ताटली घेऊन उभी होती, तिला राहवलं नाही. "दोन महिने झाले बंद केलीया आत्तीनी. मी सांगून थकले. म्हणत्यात, गेली न्हवं साखर, मग कशाला?"

मी खाली बसले आणि तिचा उजवा पाय ओढला. अंगठ्याखाली, जिथं मागाची फळी दाबली जाते नेमकं तिथं, रुपयाएवढा फोड फुटलेला होता. त्यात सुताचा तुकडा चिकटला होता, मागाखालची माती होती.

"हे काय?"

"काय?" ती म्हणाली. वाकून बघायला लागली. तिला माहीतच नव्हतं.

मग मी ओरडले. आधी स्वतःवर ओरडायला हवं होतं, कारण प्रश्न विचारणारी मी होते आणि खूण करणारीही मीच. पण राग नेहमी समोरच्यावर निघतो. "नवरा पाय कापून मेला तुझा!" मी म्हणाले. "बघितलंस न्हवं डोळ्यांनी? तुलाबी तसंच मरायचंय? गुळाच्या खड्यावर गोळ्या सोडल्यास?" तोवर मी तिला अहो-जाहो करत होते. त्या क्षणी ते गळून पडलं.

शेजारचे यंत्रमाग खडखडत होते. जयाक्कानं बोटांची राख पदराला पुसली. बराच वेळ पुसत होती.

"म्हंजे माझी साखर गेलीच न्हाय?"

"न्हाय."

"कवाच गेली न्हवती?"

"न्हाय आक्का."

तिनं पाय माझ्या हातातून काढून घेतला. आशीर्वाद दिला नाही. "जा तू," म्हणाली, "तुझं रक्त द्यायचंय, उशीर व्हईल." मी जखम धुते म्हटलं तर तिनं पाय नऊवारीखाली घेतला. मी पर्समधली मलमपट्टी राणीच्या हातात ठेवली, कसं करायचं ते दारातच सांगितलं आणि निघाले. मागे मागाचा आवाज आला नाही. नवा ताणा चढवून तो तसाच उभा होता.

सिद्धेशना मी दुपारपर्यंत सांगितलं नाही. धीर होत नव्हता. सांगितलं तेव्हा ते काही क्षण पेनाचं टोपण उघडबंद करत बसले. मग जयाक्काच्या कागदावर पहिल्या तपासणीभोवती त्यांनी चौकोन केला आणि बाजूला इंग्रजीत लिहिलं, उपाशीपोटी नाही, ग्राह्य नाही.

"म्हणजे तीसपैकी कुणालाच साखरेचा गुण नाही," ते म्हणाले.

"न्हाई सर."

"मग तसंच लिहायचं. दाब उतरला, साखर नाही. हेही कुणीतरी लिहायलाच हवं." थोडं थांबून म्हणाले, "चूक तिची नाही मंगल. आपण विचारलं खाल्लं का. तिनं खरं उत्तर दिलं." त्या संध्याकाळी मी फॉर्मवर हातानं एक ओळ वाढवली: प्रसाद, गूळ, तीर्थ, पान, काहीही तोंडात टाकलं का? मग घरी जाऊन रडले. रडू राग आल्यावर येतं तसलं होतं.

राणी दर चार दिवसांनी मलमपट्टी न्यायला यायची. जखम भरतेय, म्हणायची. गोळी घेतात. माग सुरू केलाय. मी विचारायची, काही म्हणतात का? राणी नाही म्हणून मान हलवायची. दोन-तीनदा मी फोन केला, तो राणीनंच उचलला. ऐकू यायचं, मागे माग चालू असायचा. त्या आवाजावरून तरी पाय ठीक आहेत एवढं कळायचं.

वर्षाच्या तपासणीचा दिवस आला. ती येणार नाही असं मी धरूनच चालले होते. साडेआठला दार ढकलून आत आली, एकटी. पायात मऊ तळाच्या नव्या चपला. खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"काही खाल्लं न्हाय," मी विचारायच्या आत म्हणाली. "तोंडातबी काय टाकलं न्हाय."

रक्त घेतलं, दाब बघितला. एकशे अठ्ठेचाळीस. दोघीही कामापुरतं बोललो. मग पायांची तपासणी राहिली. मी खाली बसले, तिचा पाय हातात घेतला आणि वाट बघितली. हात आला नाही. मी धागा उचलला.

"थांब," ती म्हणाली. "तुला एक सांगायचंय."

मी थांबले.

"ह्यांची अशीच तपासणी हुती. डाक्टर धागा लावायचा न् विचारायचा, लागलं? मी शेजारी बसलेले. ह्यांचा हात माझ्या हातात. धागा टेकला की मी हात दाबायची. हे म्हणायचे, लागलं. तीनदा नेलं तपासायला. तिन्ही येळंला धाच्या धा."

"का आक्का?"

"कापतील म्हणून. आमाला वाटलं, लागतंय म्हटलं की न्हाईत कापणार." तिचा आवाज तसाच खणखणीत होता, फक्त सावकाश येत होता. "तू म्हणालीस न्हवं, नवरा पाय कापून मेला. कापून न्हाय गं. डाक्टरला वेळंवर कळलंच न्हाय. मी कळू दिलं न्हाय. माझ्या ह्या हातानं."

 ज्या जिभेनं चार महिन्यांपूर्वी तिला नको तिथं मारलं होतं ती जीभ आता कामाला येत नव्हती. मी तिचा पाय नुसता धरून राहिले.

"पैल्या बारीला तुझ्यासमोरबी मी त्येच केलं," ती म्हणाली. "तुझा हात बघत हुते. धागा टेकला की लागलं म्हणत हुते. आता बघणार न्हाय. तू खरं काय ते लिही."

तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला. आणि मग, आंधळ्यासारखा चाचपडत, तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

"सुखी ऱ्हा," म्हणाली. "लाव धागा."

मी टाचेपासून सुरुवात केली. लागलं? लागलं. मधे एकदा धागा न लावताच विचारलं. न्हाय, म्हणाली. बरोबर. तळव्याच्या कडेला, लागलं. करंगळीखाली विचारलं, तिनं थोडा वेळ घेतला. न्हाय. मधल्या बोटाखाली, न्हाय. मग मी अंगठ्याखाली आले. तिथं आता नवी गुलाबी कातडी होती. धागा टेकवला, वाकेपर्यंत दाबला.

"लागलं?"

"न्हाय."

मी पुन्हा टेकवला. मला ते ‘लागलं’ हवं होतं, माझ्यासाठी हवं होतं. "लागलं आक्का?"

"न्हाय गं," पदराआडून ती म्हणाली. "खरंच न्हाय लागत."

मी लिहिलं, दहापैकी सात. मग डोळे पुसून तिला सगळं सांगितलं. गेलेली जाण परत येईल असं वचन नाही देता येत, पण पाय राखता येतो. रोज तळवे बघायचे, अनवाणी चालायचं नाही, गोळी चुकवायची नाही. ती ऐकत होती. मागाच्या फळीवर राणीनं जुन्या लुगड्याची गादी शिवून बांधलीय, म्हणाली. संध्याकाळी दिवा लावला की राणीच पाय मांडीवर घेऊन बघते. "माझ्या डोळ्याला न्हाय दिसत, तिच्या दिसतंय," म्हणाली. डॉक्टर येऊन गेले. अभ्यासातली तिची साखरेची ओळ खोडलीय, पण आजपासून तिच्यासाठी वेगळा कागद करू, नव्यानं मोजू, असं तिला म्हणाले.

ते गेल्यावर तिनं विचारलं, "सगळं झालं? रक्त, बिक्त?"

"झालं."

"तुझं काय आज उपाशीपोटी न्हाय न्हवं?"

"न्हाय."

तिनं पदराची गाठ सोडली. कागदाच्या पुडीत गूळ-खोबरं होतं. "नव्यानं मोजू म्हणाले न्हवं डाक्टर? म्हंजे नवा ताणाच लागला. मग तोंड गोड करायला पायजे."

मी खडा घेतला, सवयीनं त्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्यापुढं धरला. तिनं माझी मूठ मिटवली आणि हात माझ्याकडेच वळवला.

"माझ्या वाटचाबी तूच खा," जयाक्का म्हणाली.

मी दोन्ही तुकडे खाल्ले.